करवती साडी म्हणून ४२०० ला पॉलिस्टर घेतलं, तुम्ही घेऊ नका

परवा गडचिरोलीतल्या आरमोरीकडच्या एका गावात कारागिरांचा मेळावा होता, तिथं जाऊन आले. डोकं अजून तापलेलंच आहे, म्हणून आजच लिहून टाकते.

नागपूरहून उमरेड, भिवापूर, नागभीड, ब्रम्हपुरी करत वैनगंगेचा पूल ओलांडला की आरमोरी. तिथवर रस्ता ठीक. मी आणि माझा भाऊ बाईकवर होतो. फोनवर सांगितलं होतं की गावापर्यंत डांबर झालंय, पण शेवटचे सहा-सात किलोमीटर नुसती गिट्टी अंथरलेली. स्कूटीवाल्यांनी येऊच नका, बाईकवाल्यांनी टायर बघून या.

आता मेन गोष्ट. गेटमधून आत गेलं की पहिल्या रांगेत लाईटवाले मोठे स्टॉल, तिथं एकजण "ताई, घरच्या मागावरची करवती आहे, शेवटचा पीस" म्हणून मागंच लागला. आईला कधीपासून कोसाची (टसर रेशमाची) करवती, म्हणजे काठावर करवतीसारखे दात विणलेली साडी, घ्यायची होती, तसे दात काठावर दिसत होते, ४२०० दिले. बिल मागितलं तर "मेळाव्यात बिल नसते जी".

खरे कारागीर कुठं बसवलेले? सगळ्यात मागं, खाण्याच्या स्टॉलच्या पलीकडं, बोर्डसुद्धा नाही. तिथं एक म्हातारे काका खरोखरचा माग लावून विणत होते. मी साडी दाखवली. त्यांनी घडी उघडली, काठ उलटा करून बोट फिरवलं आणि हळूच म्हणाले, "हे करवत नाही जी ताई, हे मशीनचं हाय."

मग त्यांनी मागावर बसूनच समजावलं, ते नीट वाचा. करवतीला धोटे (आडवा धागा नेणारे) तीन लागतात, एक मधल्या कोसाचा आणि दोन दोन्ही काठांचे. काठाचा आडवा धागा आणि अंगाचा आडवा धागा जिथं भेटतात तिथं एकमेकांत अडकतात आणि आपापल्या बाजूला परत फिरतात, त्या अडकण्यातूनच दात तयार होतो. म्हणून खऱ्या साडीत अंगाचा धागा काठात जातच नाही, काठाचा रंग भरीव दिसतो आणि जोड मागूनही तसाच साफ असतो. माझ्या साडीत कोसाच्या रंगाचा धागा या काठापासून त्या काठापर्यंत सरळ गेलेला, काठ फिकट पडलेला आणि उलट्या बाजूला दातांच्या जागी तुटके धागे लोंबत होते. पदराचे दोन सुटे धागे काडीनं पेटवले तर वितळून काळा टणक मणी झाला, प्लास्टिकचा वास आला. कोसा असता तर केस जळल्यासारखा वास येतो आणि राख चिमटीत चुरते. परत गेलो तर तो स्टॉलवाला म्हणे ही साडी आमची नाहीच.

तर पदराचा धागा जाळू देत नसेल त्याच्याकडून घेऊच नका. करवतीला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालेलं आहे, नाव विकलं जातं, म्हणून हे धंदे चालतात. आणि काकांच्या साडीची किंमत माझ्या साडीच्या दुपटीहून जास्त होती, तिथं कृपा करून घासाघीस करू नका. इकडचे ढिवर लोक ऐन-अर्जुनाच्या झाडांवर अळ्या पोसतात, पाखरांपासून दिवसभर राखतात, तेव्हा कोष हातात येतो, विणणं त्याच्या पुढचं.

ढोकऱ्याचं ओतकाम (मेणाची वस्तू करून, मेण वितळवून त्या जागी पितळ ओततात) अजिबात चुकवू नका. मातीच्या गाभ्यावर मेणाचा दोऱ्यासारखा बारीक धागा गुंडाळत एक बाई बैल करत होती, शिंगांवरचा वळसा तिनं नखानं दाबला तो मी अगदी जवळून पाहिला, आणि संध्याकाळी साचा फोडल्यावर पितळेच्या बैलावर तोच नखाचा ठसा होता! अंगावर काटा आला. साचा दर वेळी फुटतो, म्हणून दोन वस्तू हुबेहूब कधीच नसतात. पुढच्या रांगेत एकसारखे वीस हत्ती मांडलेले होते ते ढोकरा नव्हेत.

अडचण एवढीच की ओतकाम साडेपाचनंतर, आणि अंधारात त्या रस्त्यानं परत निघू नका. या पट्ट्यात वाघ आहेत, २०२१ पासून रानटी हत्तींचा कळपही गडचिरोली जिल्ह्यात फिरतोय. आम्ही आरमोरीतल्या ओळखीच्यांना घ्यायला बोलावलं, त्यांच्या गाडीमागं आलो. तुम्ही आधीच मुक्कामाची सोय करा. बुरडांकडची सुपं, टोपल्या चांगल्या, पण बांबू हिवाळ्यात तोडलेला आहे का ते विचारा, नाहीतर घुण लागते. कॅश न्या, मागच्या रांगेत नेटवर्क नाही, फोन-पे अडकतं.

दुसरा दिवस वैरागडच्या किल्ल्यात गेला, छान गेला.

काकांकडं आईसाठी ऑर्डर देऊन आले, काठ लाल सांगितलाय. दिवाळीपर्यंत होईल म्हणाले.