ओकच्या सुगीत हरीण कुठे शोधायचं

ऑक्टोबर उजाडला की हा प्रश्न येतोच. इथे पेनसिल्व्हेनियात आपली काही मंडळीही आता शिकारीचा कोर्स करून लायसन्स काढू लागली आहेत. त्यांच्यापैकी कोणाचा ना कोणाचा फोन येतो: "उन्हाळाभर मक्याच्या शेताकडेला रोज संध्याकाळी हरणं दिसायची. धनुष्यबाणाच्या शिकारीचा सीझन सुरू झाला आणि एकही दिसेना. जंगलात एकॉर्नचा, म्हणजे ओकच्या फळांचा, नुसता सडा पडलाय. हरणं गेली कुठे?"

कुठेही गेलेली नाहीत. तुम्ही बसलात त्या बांधापासून थोडी आत, ओकांच्या खाली आहेत. बाहेर यायची त्यांना आता गरजच उरलेली नाही.

ओक दरवर्षी सारखा फळत नाही. हापूसला एका साली बहर आला की पुढच्या साली खाडा पडतो, हे आपल्याला माहीत आहे. ओकचं त्याहून लहरी: भरघोस साल दोन वर्षांनी येईल की पाच वर्षांनी, सांगता येत नाही, पण येतं तेव्हा त्या टापूतली बहुतेक झाडं एकदम लगडतात. खारी, उंदीर, टर्की, अस्वलं, हरणं या सगळ्यांनी पोटभर खाऊनही रुजायला थोडी फळं उरावीत, म्हणून ही रीत पडली असावी असं वनस्पतीशास्त्रज्ञ मानतात. अशा साली एकॉर्न पायाखाली गोट्यांसारखी सरकतात.

व्हाइटटेल, म्हणजे इथलं पांढऱ्या शेपटीचं हरीण, रवंथ करणारं जनावर. भराभरा खायचं, मग आडोशाला बसून चघळायचं, हा त्याचा दिनक्रम. एकॉर्नमध्ये पिष्ट आणि चरबी भरपूर, आणि थंडीच्या तोंडावर त्याला नेमकं तेच हवं असतं. उन्हाळ्यात मक्या-सोयाबीनसाठी उघड्यावर यायची जोखीम घेणारं हरीण आता झोपतं तिथून चार पावलांवर जेवतं. त्याचं दिवसाउजेडीचं चालणं आटतं, आणि शिकारी तर त्या चालण्यावरच अवलंबून असतो.

म्हणून मी सगळ्यांना एकच सांगते. खाणं जिकडेतिकडे असेल त्या वर्षी खाण्यामागे धावू नका, जंगलात टंचाई कशाची आहे ते बघा. एकॉर्न हजारो झाडांखाली असतील, पण चवीची झाडं थोडी असतात. निर्धास्त बसता येईल अशी दाट जागा त्याहून थोडी. आणि ही दोन्ही जवळजवळ असलेली ठिकाणं एका डोंगरावर बोटांवर मोजण्याइतकी.

चवीपासून सुरुवात करू. पांढऱ्या ओकच्या पानांची टोकं गोलसर असतात, तांबड्या ओकची अणकुचीदार. पांढऱ्याचं फळ एका हंगामात पिकतं, तांबड्याला दोन लागतात. पांढऱ्याच्या फळात टॅनिन कमी, म्हणून तुरटपणा कमी, आणि हरणं आधी तेच संपवतात. आमच्या भागातल्या कोरड्या, खडकाळ धारांवर चेस्टनट ओक फार. त्याची फळं मोठाली, लवकर पडतात, आणि नवा माणूस त्यांना भुलतो. तीही पांढऱ्याच्याच कुळातली, पण चवीला तुरट. जवळपास खरा पांढरा ओक असेल तर हरीण चेस्टनट ओकचा सडा ओलांडून पुढे जातं.

पांढऱ्या ओकांतही सगळी झाडं सारखी नसतात. एकाखाली पाचोळा जसाच्या तसा, आणि तीस पावलांवरच्या दुसऱ्याखाली जमीन उकरलेली. तिथे गुडघ्यावर बसा. पाचोळा नाकाने बाजूला सारलेला दिसेल, काळपट ओलसर लेंड्या दिसतील, आणि फुटक्या कवचांचे तुकडे. हरीण एकॉर्न दाढेखाली फोडतं आणि कवचाचे तुकडे तोंडाच्या कडेने गळू देतं. वारा पडलेला असेल तर तो कडकड आवाज लांबून ऐकू येतो. तुकड्याला चिकटलेला गर हातात घेऊन बघा. पांढरट आणि ओला असेल तर हरीण नुकतंच येऊन गेलंय, तांबूस होऊन सुकला असेल तर खूण जुनी. खारीने खाल्लेलं निराळं दिसतं: बारीक कुरतडलेलं, आणि बहुधा एखाद्या ओंडक्यावर किंवा दगडावर ढीग करून ठेवलेलं. या दोन खुणांतला फरक कळला की निम्मं काम झालं.

हे शोधायला ऑक्टोबरची वाट पाहू नका. ऑगस्टमध्ये दुर्बीण घेऊन शेंडे बघत फिरा. कुठला पांढरा ओक लगडलाय ते तेव्हाच दिसतं, आणि मग सीझनमध्ये जंगल तुडवत हिंडायची वेळ येत नाही.

आता बसायची जागा. इथल्या डोंगरांवर माउंटन लॉरेलची सदाहरित झुडपं असतात, माणसाच्या छातीपर्यंत, इतकी दाट की आत शिरलं की कपडे फाटतात. जुन्या तोडीच्या जागी उगवलेला कोवळा झाडोराही तसाच. अशा गचपणाच्या कडेला एखादा पांढरा ओक एकटा उभा असेल, तर मोकळ्या जंगलातल्या मोठ्या ओकराईपेक्षा तोच निवडा. ओकराईत हरीण कुठूनही येईल, कुठेही थांबेल. एकट्या झाडाकडे यायच्या वाटा एक किंवा दोन. शिवाय सावध नर अंधार पडेपर्यंत गचपण सोडत नाही. सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने कायद्याने शिकारीची वेळ संपते, तेव्हा शेवटच्या उजेडात तो जिथवर येतो तिथेच तुम्हाला असायला हवं.

इथे वारा चुकवणं सगळ्यात अवघड. आपण त्याच्या झोपायच्या जागेच्या इतके जवळ असतो की एक झुळूक उलटी जाऊन आपला वास त्याच्याकडे गेला तर त्या झाडाखालचं कामच संपतं. डोंगरात सकाळी ऊन चढलं की हवा उताराने वर सरकते, संध्याकाळी गार होऊन खाली उतरते. म्हणून सकाळी हरणाच्या वरच्या अंगाला, संध्याकाळी खालच्या. पण मुख्य वारा जोराचा असेल तर हा नियम बाजूला ठेवा आणि पिशवीतून बारीक पावडर सोडून ती जाते कुठे ते बघा. आणि वारा बरोबर नसेल तर त्या दिवशी तिथे जाऊच नका. चांगल्या झाडाचा माझा सगळ्यात कडक नियम हाच आहे: वारा जुळेपर्यंत ते राखून ठेवायचं, आणि मचाणावर चढताना जमिनीपासूनच हार्नेस लावायचा.

नोव्हेंबरच्या मध्यावर माजाचा काळ ऐन भरात येतो. तेव्हा नरांना खाण्याचं भान नसतं, पण माद्या खातच असतात, आणि नर माद्यांच्या मागे असतात. तेव्हा एकाच झाडाला चिकटून न राहता दोन धारांमधली खिंड किंवा सोंडेचा उतार शोधा, जिथून एका ओकराईतून दुसरीकडे जाणारा नर आपसूक वाट काढतो. बर्फ पडल्यावर तांबड्या ओकची पाळी. पांढऱ्याची फळं पडल्यावर लवकरच, शरदातच कोंब फुटून रुजू लागतात. तांबड्याची वसंतापर्यंत तशीच पडून राहतात. बर्फ खुरांनी उकरलेला दिसला की खाली बहुधा तांबड्याचीच फळं निघतात.

एकॉर्नवर सगळ्यांचा इतका भार नेहमीच नव्हता, हे मला फार आतून वाटतं म्हणून सांगते. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी या डोंगरांवर अमेरिकन चेस्टनट (चेस्टनट ओकहून वेगळं झाड) होता. तो उशिरा, उन्हाळ्यात फुलायचा, त्यामुळे वसंतातलं दंव त्याला बाधत नसे आणि तो जवळजवळ दरवर्षी फळायचा. 1904 मध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयात त्याच्यावर परदेशी बुरशीचा रोग आढळला आणि पुढच्या काही दशकांत तीन-चारशे कोटी झाडं मेली. आजही जुन्या मुळांतून धुमारे येतात, थोडे वाढतात आणि पुन्हा मरतात. मला वाटेत असा धुमारा दिसला की मी थांबते. ज्या जंगलात दरवर्षी सुगी असायची ते जंगल आपण पाहिलेलं नाही.

हरणांचंही तेच होऊ घातलं होतं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बेसुमार शिकारीने आणि जंगलतोडीने ती इथून जवळजवळ नाहीशी झाली होती. 1895 मध्ये राज्याचं गेम कमिशन, म्हणजे शिकार आणि वन्यप्राण्यांचं खातं, स्थापन झालं, पुढे बाहेरच्या राज्यांतून हरणं आणून सोडावी लागली. आज उलटी चिंता आहे. लांडगे आणि प्यूमा इथून गेलेच, आणि हरणं फार झाली की ओकची रोपं कोवळी असतानाच खाऊन टाकतात. भारतात 1972 च्या कायद्याने शिकारीला बंदी आहे आणि ती हवीच. तिथल्या चितळ-सांबरांचा विचार करून मला इथल्या शिकारीबद्दल विचारणाऱ्यांना मी हरणं शिरू नयेत म्हणून कुंपण घातलेला जंगलाचा तुकडा दाखवते. आत गुडघाभर ओकची रोपं, बाहेर नुसतं नेचं.

राहता राहिलं पुढच्या सालाचं. हरीण मिळालं तर सोलताना त्याच्या पोटातली कोठी उघडून बघाच. आत मका आहे, कोवळे शेंडे आहेत की एकॉर्न, हे कळलं की तुमचा अंदाज किती बरोबर होता ते समजतं. आणि वसंतात ओकला तुरे आलेले असताना दंव पडलं तर तारीख लिहून ठेवा. पांढऱ्या ओकचं त्याच शरदातलं पीक बुडतं, तांबड्याचं एक वर्ष पुढचं. म्हणजे त्या साली तांबड्या ओकच्या धारा गाठायच्या, आणि तिथेही फळ नसेल तर मक्याच्या शेताची कडा पुन्हा धरायची.