गोळी की इंजेक्शन, हे एन्डोस्कोपीने ठरवले

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडतीत आयुष्य काढलेल्या माझ्या मामांना यकृताचा कर्करोग असल्याचे कळले, तेव्हा गाठ रक्तवाहिनीत शिरलेली होती आणि शस्त्रक्रियेचा विषय पहिल्याच भेटीत संपला. उरले दोन मार्ग: टार्गेटेड औषधाच्या, म्हणजे गाठीच्या वाढीला लागणाऱ्या ठरावीक गोष्टी रोखणाऱ्या औषधाच्या, रोजच्या गोळ्या किंवा दर तीन आठवड्यांनी शिरेतून दिली जाणारी इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराच्या स्वतःच्या प्रतिकारशक्तीला कर्करोगाशी लढायला लावणारे उपचार. घरच्यांचा कौल इम्युनोथेरपीला होता, आणि आकडे पाहता तो चुकीचा नव्हता.

सोराफेनिब या टार्गेटेड गोळीने २००८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रुग्णांचे मध्यक आयुष्य (निम्मे रुग्ण ज्याहून अधिक जगले तो काळ) ७.९ महिन्यांवरून १०.७ महिन्यांवर नेले होते. (महिन्याला सुमारे २ लाख ८० हजारांना मिळणारी ही गोळी २०१२ मधल्या सक्तीच्या परवान्यामुळे, म्हणजे पेटंट असतानाही दुसऱ्या कंपनीला ती बनवायला सरकारने दिलेल्या मुभेमुळे, भारतात ८,८०० रुपयांत मिळू लागली, हे मामांसारख्या व्यापाऱ्याला विशेष वाटले.) पुढे अटेझोलिझुमॅब आणि बेव्हासिझुमॅब या जोडीची याच गोळीशी तुलना झाली, तेव्हा मध्यक आयुष्य १९.२ विरुद्ध १३.४ महिने निघाले.

मात्र या जोडीतले बेव्हासिझुमॅब हे इम्युनोथेरपीचे औषध नाही. ते गाठीला रक्त पुरवणाऱ्या नव्या वाहिन्यांची वाढ रोखते, आणि त्यामुळे रक्तस्रावाचा धोका वाढतो. हिपॅटायटिस बीमुळे सिरॉसिस झालेल्या, म्हणजे यकृत व्रणांनी कडक झालेल्या, मामांच्या अन्ननलिकेतल्या शिरा फुगलेल्या आहेत, हे एन्डोस्कोपीत दिसले आणि डॉक्टरांनी जोडीचा विचार बाजूला ठेवला. बेव्हासिझुमॅब नसलेली ड्युर्व्हालुमॅब आणि ट्रेमेलिमुमॅबची जोडी आहे, तिचे आकडेही सोराफेनिबहून सरस आहेत, पण तिचा खर्च आम्हाला झेपणारा नव्हता. शिवाय या साऱ्या चाचण्यांत यकृत बऱ्यापैकी काम करत असलेलेच रुग्ण घेतले होते, हे विसरून आकडे वाचले की अपेक्षा भलतीकडे जातात.

फुगलेल्या शिरांना बँडिंग, म्हणजे रबरी कड्या घालून त्या आवळणे, सुरू झाले आणि सोबत लेन्व्हाटिनिब हे तोंडाने घ्यायचे टार्गेटेड औषध. वजन साठ किलोंच्या आत असल्याने रोज आठ मिलिग्रॅम, म्हणजे चारच्या दोन कॅप्सूल. या औषधाने रक्तदाब चढतो, म्हणून मामी सकाळ-संध्याकाळ यंत्र लावून आकडे दुकानातल्या जुन्या कीर्दीच्या मागच्या पानांवर मांडतात. १५०च्या वरच्या आकड्याखाली मामा स्वतः लाल रेघ ओढतात, उधारी थकलेल्या गिऱ्हाइकाच्या नावाखाली ओढत तशीच.

पुढची एन्डोस्कोपी तीन आठवड्यांनी आहे. शिरा आटोक्यात आल्या असतील तर इंजेक्शनांचा विचार पुन्हा होईल, तोवर त्याच दोन कॅप्सूल.