शिक्षा नेमकी कशाची?

आज लंच टाइमला ऑफिसात तुरुंगाचा विषय निघाला आणि सगळे एका सुरात सुरू, की कैद्यांना फुकट कशाला पोसायचं, राबवून घ्या चांगलं, उन्हात दगड फोडायला लावा म्हणजे परत गुन्हा करणार नाहीत. मी आधी गप्प होते, पण मग राहवलं नाही.

म्हणलं, कामाला माझा विरोध नाहीये, रिकाम्या बसलेल्या माणसाचं डोकं सडतं, हाताला काम पाहिजेच, पण ते बाहेर पडल्यावर उपयोगी पडेल असं पाहिजे आणि त्याचा रास्त मोबदला मिळाला पाहिजे. हे मी मनाचं नाही सांगत, कैद्यांना कसं वागवायचं याच्या युनोच्या २०१५ च्या मंडेला नियमांमध्ये स्पष्ट लिहिलंय, सलग १५ दिवसांपेक्षा जास्त एकांतकोठडी नको हेही त्यातच आहे. ज्यांचं नाव या नियमांना दिलंय त्या दक्षिण आफ्रिकेच्या नेल्सन मंडेलांनी स्वतः २७ वर्षं कैदेत काढली, रॉबेन बेटावर चुन्याच्या खाणीत राबून डोळे खराब झाले त्यांचे. आणि जिमातली ट्रेडमिल आहे ना, १८१८ पासून ब्रिटिश तुरुंगात तशीच चाकं होती, कैद्यांनी तासन् तास पायऱ्या चढत राहायचं, कित्येकदा त्यातून काहीच तयार व्हायचं नाही, नुसता छळ.

एकजण म्हणाला, ज्याच्या घरातलं माणूस गेलं त्याला विचार. त्याचा राग मला कळतो, खरंच कळतो. पण आत कित्येक जण असे आहेत ज्यांचा खटलाच अजून उभा राहिला नाहीये, त्यांना कशासाठी दगड फोडायला लावायचे? यावर कोणीच काही बोललं नाही.