वाढवला की बसणारा बेस

तक्रार चमत्कारिक होती. "दादा, दुसऱ्या ड्रॉपला बेस गायब होतो. मी वाढवत जातो, तर तो आणखीच बसतो." ड्रॉप म्हणजे गाण्यात ठोका आणि बेस पूर्ण जोराने सुरू होतात ती जागा. हेडफोनवर फारसं कळत नाही, पण मोठ्या सिस्टिमवर गाणं तिथे पोकळ होतं, असं त्याचं म्हणणं. मिक्स करून द्या म्हणून पोरगा सगळं प्रोजेक्टच घेऊन आला होता. उघडताच लक्षात आलं की गडी व्यवस्थित आहे. ट्रॅकना नावं दिलेली, ग्रुप नीट बांधलेले, प्लगइनची खोगीरभरती नाही. अशा प्रोजेक्टमधली चूक शोधायला वेळ लागतो, कारण ती ढळढळीत नसते.

टेम्पो मिनिटाला 124 ठोके. म्हणजे दोन किकमध्ये, अर्थात ड्रमच्या दोन जड ठोक्यांमध्ये, साधारण 484 मिलिसेकंद, आणि ऑफबीटवर, म्हणजे दोन ठोक्यांच्या बरोबर मध्ये, पडणारा बेसचा सूर किकनंतर 242 मिलिसेकंदांनी. हे आकडे मी सुरुवातीलाच कागदावर लिहून ठेवतो. साइडचेनच्या, म्हणजे एका आवाजाने दुसऱ्याला दाबण्याच्या, कामात कंप्रेसरचा (आवाज दाबणाऱ्या साधनाचा) रिलीज, म्हणजे दाबलेला आवाज परत वर येण्याचा वेळ, या आकड्यांशी जुळतो की नाही, यावरच निम्मी भांडणं मिटतात.

पहिला संशय फेजचा, म्हणजे दोन आवाजांच्या लाटा उलटसुलट पडण्याचा. दुसऱ्या ड्रॉपला किकवर आणखी एका किकचा थर होता. असे थर एकमेकांना खातात आणि तळ पातळ होतो. पोलॅरिटी, म्हणजे लाटेची वरखाली बाजू, उलटवून पाहिली, थर थोडा पुढेमागे सरकवून पाहिला. किक बदलली, बेस होता तसाच. मग बेस एकटा ऐकला, तर दणदणीत. किक चालू केली की आडवा.

साइडचेनचं तत्त्व साधं आहे. कंप्रेसर ऐकतो एकाला आणि दाबतो दुसऱ्याला. निवेदक बोलायला लागला की मागचं संगीत आपोआप खाली जातं, ती रेडिओवरची करामत हीच. इथे कंप्रेसर बसला होता बेसवर आणि ऐकत होता किकचा ग्रुप. रेशो 8:1, रिलीज 250 मिलिसेकंद. पहिल्या ड्रॉपला गेन रिडक्शनची, म्हणजे किती दाबलं ते दाखवणारी, सुई 5 डेसिबलपर्यंत जात होती. दुसऱ्या ड्रॉपला तीच सुई 10 वर. सेटिंग तेच, कंप्रेसरवर कुठेही ऑटोमेशन (गाण्याबरोबर आपोआप बदलणारं सेटिंग) नाही.

कारण तो नवा थर. त्याने किकचा ग्रुप सुमारे 6 डेसिबलने चढला होता. थ्रेशोल्डच्या, म्हणजे दाबणं जिथून सुरू होतं त्या पातळीच्या, वर गेलेल्या प्रत्येक डेसिबलमागे 8:1 चा कंप्रेसर सात अष्टमांश कापतो, म्हणजे 6 डेसिबल जास्त आले की पाचेक डेसिबल जास्त कापले जाणार. आणि खड्डा खोल असला की वर यायलाही उशीर. ऑफबीटचा सूर वाजायचा तेव्हा बेस अजून खड्ड्यातच. पोरगा सिंथचा पॅच, म्हणजे बेसचा मूळ आवाजच, दुरुस्त करत बसला होता आणि गुन्हेगार किकच्या ग्रुपमध्ये होता. साइडचेन केलेल्या ट्रॅकवर काही बिघडलं की आधी ट्रिगर, म्हणजे कंप्रेसर ज्याला ऐकतो तो आवाज, तपासावा, हे माझं जुनं मत आहे. लोक नेमका तोच तपासत नाहीत, कारण तो दुसऱ्याच चॅनेलवर असतो.

एवढ्याने बेस कमी का झाला हे कळलं. वाढवूनही तो का वाढेना, हे कोडं उरलंच होतं.

त्याचं उत्तर मास्टरवर, म्हणजे सगळे ट्रॅक एकत्र येतात तिथे, निघालं. तिथे तीन बँडचा मल्टीबँड कंप्रेसर होता, आवाजाचे खालचा, मधला, वरचा असे पट्टे पाडून प्रत्येक वेगळा दाबणारा. पहिला क्रॉसओव्हर (पट्टे तुटतात ती जागा) 150 हर्ट्झवर, लो बँडचा रेशो 4:1, रिलीज 300 मिलिसेकंद. थ्रेशोल्ड इतका खाली की लो बँड सबंध ड्रॉपभर दाबलेलाच. पोराने बेस 4 डेसिबलने वाढवला होता. त्यातला जेमतेम एक बाहेर पडत होता आणि बाकीचे तीन लो बँड गिळत होता. शिवाय त्याच बँडमध्ये किकही राहते, त्यामुळे बेस वाढवण्याची शिक्षा किकलाही होत होती. एवढ्यावर भागलं नव्हतं. प्रत्येक किकला हा बँडसुद्धा खाली जाऊन सावकाश वर यायचा. म्हणजे बेसला एकाच ठोक्यावर दोनदा डकिंग (ठोक्याबरोबर दाबलं जाणं), एकदा त्याच्या चॅनेलवर आणि एकदा मास्टरवर, दोघांचा वर येण्याचा वेग वेगवेगळा. साइडचेनमधून सावरून बेस जरा डोकं वर काढतोय तोवर वर मास्टर बसलेलाच. मास्टरचं एकूण लेव्हल मीटर पाहणाऱ्याला यातलं काही दिसत नाही, ते छान स्थिर असतं. लो बँड बायपास केला, आवाजाची पातळी जुळवून घेतली, आणि पोरगा म्हणाला, "हा तर माझाच बेस आहे!"

आता दुरुस्ती. ट्रिगर म्हणून किक काढूनच टाकली. एक वेगळा ट्रॅक घेतला, त्यावर एक आखूड क्लिक, प्रत्येक ठोक्याला सारख्याच जोराने. त्याचं आउटपुट बंद, तो फक्त कंप्रेसरला ऐकू जातो. याला मंडळी घोस्ट किक म्हणतात. किकवर कितीही थर चढवा, सॅम्पल बदला, खड्डा तेवढाच राहतो. आणखी एक फायदा झाला. बेसमध्ये एक बारीक खरखर होती, ती पोराला डिस्टॉर्शन वाटत होती. त्या किकची शेपटी लांब, 50 हर्ट्झच्या आसपासची. पूर्वी डकिंग अपुरं वाटलं तेव्हा त्याने आणखी एक कंप्रेसर लावला होता, 10 मिलिसेकंद रिलीजचा. 50 हर्ट्झचं एक आवर्तन 20 मिलिसेकंदांचं आणि त्यात वरखाली दोन शिखरं. एवढा चपळ रिलीज प्रत्येक शिखराबरोबर गेन हलवतो, म्हणजे सेकंदाला शंभरदा, आणि तीच खरखर बेसवर उमटते. तो कंप्रेसर काढला, उरलेल्याला शेपटीऐवजी क्लिक ऐकवली, खरखर गेली.

पुढे बेस 120 हर्ट्झवर दोन भागांत तोडला. किकशी जागेचं भांडण खालच्या भागाचं असतं, वरच्याला विनाकारण का दाबायचं? खालचा भाग 9 डेसिबल खाली, आणि 200 मिलिसेकंदांच्या आत पूर्ण वर, म्हणजे ऑफबीटच्या सुराआधी जागा मोकळी. अटॅक, म्हणजे आवाज दाबायला लागणारा वेळ, 4 मिलिसेकंद ठेवला. याहून चपळ केला की लांब लाटेचा मध्येच तुकडा पडतो आणि टिक ऐकू येते. वरचा भाग फक्त 2 डेसिबल, तोही आळसावलेल्या अटॅकने. लहान स्पीकर खालचे सूर वाजवूच शकत नाहीत, त्यांच्यावर बेस ऐकू येतो तो याच वरच्या हार्मोनिक्समुळे, म्हणजे मूळ सुरासोबत वाजणाऱ्या वरच्या सुरांमुळे. ते शाबूत राहिले की फोनवरही बेसची चाल कळते.

दुसऱ्या ड्रॉपमधलं बेसचं सगळं ऑटोमेशन मी पुसलं. हे पाहून पोरगा कासावीस झाला. मास्टरचा लो बँड 1.5:1 वर आणला, थ्रेशोल्ड असा की फक्त एखादा उंडारलेला सूर आवरला जावा. मल्टीबँड मला कधीकधी लागतो, नाही असं नाही. पण तळातला हिशेब मिक्समध्ये बसत नसेल तर मास्टरवर तो बसत नाही, फक्त झाकला जातो.

इथवर पोरगा गप्प होता. मग म्हणाला, "बेस झाला, पण पंपिंग गेलं तर गाणं मेलं, दादा." पंपिंग म्हणजे डकिंगने आवाजाचं तालात खालीवर होणं. बरोबर होतं त्याचं. या गाण्यात डकिंग हे जागा करून देण्यापुरतं नव्हतं, पॅडचा, म्हणजे मागे पसरलेल्या लांब सुरांचा, श्वास हाच मुळी ताल होता. त्याने पॅडवर 12 डेसिबलचं डकिंग लावलं होतं तरी श्वास अर्धाच ऐकू येत होता. चेन पाहिली. आधी साइडचेन, त्याच्या मागे ओटीटी. एबलटन लाइव्हच्या मल्टीबँड डायनॅमिक्समधला हा प्रीसेट इतका गाजला की एक्सफर रेकॉर्ड्सने त्या नावाचं मोफत प्लगइनच काढलं. त्याची खासियत अशी की तिन्ही बँडमध्ये मोठं ते खाली दाबतो आणि बारीक ते वर उचलतो. साइडचेनने मेहनतीने खणलेला खड्डा ओटीटीच्या लेखी निव्वळ "बारीक आवाज", तो लगेच भरून काढायचा. एका हाताने दिलेलं दुसऱ्या हाताने काढून घेतल्यासारखं. दोघांची अदलाबदल केली, ओटीटी आधी आणि साइडचेन शेवटी. डकिंग 12 वरून 7 वर आणलं आणि पॅड पहिल्यापेक्षा जोरात हेलकावे खाऊ लागला.

घोस्ट किकचा ट्रॅक ब्रेकडाउनमध्येही, म्हणजे किक थांबते त्या भागातही, चालू ठेवायचा का, यावर थोडी वादावादी झाली. किक थांबली की पॅडनेही थांबावं, असं माझं मत. त्याला मात्र किक नसतानाही श्वास हवा होता. शेवटी पहिल्या आठ बारना बंद, नंतर हळूहळू चालू, असं ठरलं. मग त्याने पॅडचं डकिंग आणखी दीड डेसिबल खोल मागितलं. मला ते जास्त वाटतं, अजूनही वाटतं. पण गाणं त्याचं, म्हणून करून दिलं, आणि मास्टरच्या लो बँडला पुन्हा हात लावू नकोस असं बजावून फाइल त्याच्या हवाली केली.