उंदराचं झेडपी४ आणि फुगलेला ओमेगा

झोना पेल्युसिडा (झेडपी) म्हणजे सस्तन प्राण्यांच्या अंड्याभोवतीचं प्रथिनांचं कवच. त्यातली झेडपी२ आणि झेडपी३ ही प्रथिनं पॉझिटिव्ह सिलेक्शनखाली, म्हणजे फायद्याचे बदल टिकवणाऱ्या निवडीखाली, झपाट्याने बदलली, हे २००१ सालीच दाखवलं गेलंय. त्यामुळे तपासायला आलेल्या झेडपी४च्या विश्लेषणात काही जागांचा ओमेगा (अमिनो आम्ल बदलणाऱ्या आणि न बदलणाऱ्या बदलांच्या दरांचं गुणोत्तर; एकाच्या वर म्हणजे पॉझिटिव्ह सिलेक्शनची खूण) एकापेक्षा बराच मोठा दिसला, तरी कुणाच्या भुवया उंचावल्या नाहीत. मला खटकलं ते एवढंच, की त्या सगळ्या जागा एकमेकींना खेटून होत्या. खऱ्या निवडीच्या जागा सहसा विखुरलेल्या असतात. असा सलग पट्टा दिसला की पी-व्हॅल्यू बाजूला ठेवून आधी अलाइनमेंट, म्हणजे सगळ्या प्राण्यांचे क्रम एकाखाली एक जुळवलेली मांडणी, उघडायची.

त्या पट्ट्यात बाकीचे प्राणी जवळपास सारखे, आणि एकट्या उंदराच्या (माऊसच्या) ओळीत भलतीच अमिनो आम्लं. उंदरात झेडपी४ हे मेलेलं जनुक, स्यूडोजीन आहे. उंदराच्या अंड्याचं कवच झेडपी१, २ आणि ३ यांवरच उभं आहे. रॅटमध्ये आणि माणसात मात्र चारही शाबूत, म्हणून फसायला होतं. रॅटच्या जनुकाशी जुळवून उंदराचा तुकडा जीनोममधून काढलेला होता, आणि ओमेगा काढणारा कोडएमएल हा प्रोग्राम अडखळू नये म्हणून स्टॉप कोडॉन (प्रथिन इथे संपलं असं सांगणारे तीन बेसचे गट) गाळलेले. म्हणजे धोक्याची घंटाच काढून टाकली! एक बेस गळाला की रीडिंग फ्रेम, म्हणजे तीन-तीन बेस वाचायची चौकट, सरकते, आणि पुढची भरपाई होईपर्यंत प्रत्येक कोडॉन चुकीचा वाचला जातो. मेलेल्या जनुकाचा ओमेगा एकाकडे सरकतो, त्याच्या वर जात नाही. वरचा फुगवटा या सरकलेल्या फ्रेमचा होता.

उंदीर वगळला, प्राण्यांच्या वंशवृक्षातूनही छाटला. प्रँक या प्रोग्रामने कोडॉननिहाय अलाइनमेंट पुन्हा केली. एम७ हे मॉडेल ओमेगा एकाच्या वर जाऊ देत नाही, एम८ जाऊ देतं; त्यांच्या चाचणीत लॉग-लाइकलीहूडच्या (मॉडेल माहितीशी किती जुळतं त्या मापाच्या) फरकाची दुप्पट ५.९९च्या वर जायला हवी (५ टक्के पातळी, डीएफ म्हणजे स्वातंत्र्यांश २). शिवाय एम८ए (जादा जागांचा ओमेगा नेमका एक धरणारं मॉडेल) विरुद्धही तपासलं, कारण नुसतं सैलावलेलं बंधन तिथेच वेगळं पडतं. ओमेगाची सुरुवात एकदा ०.५ आणि एकदा २ ठेवली. कारण एम८ कधीकधी चुकीच्या शिखरावर, म्हणजे सर्वोत्तम नसलेल्या उत्तरावर, अडकतो. पट्टा गायब. उरलेल्या जागांची बीईबी संभाव्यता (ती जागा खरंच निवडीखाली असण्याची शक्यता) ०.९५च्या खालीच. एवढ्यावर मी तरी पॉझिटिव्ह सिलेक्शन लिहू दिलं नसतं.

मग झेडपी१ची फाइल मागवली. गाय आणि कुत्रा यांच्यात झेडपी१ मेलेलं आहे, आणि त्या फाइलमध्ये दोघेही होते.