तुम्ही विचारलंत म्हणून: गाडीवरचं सोनं

गाडी उभी केली की कुणीतरी डिकीपाशी रेंगाळतं, वाकून अक्षरं बघतं आणि विचारतं, ‘‘ही नवी बसवलीत की जुनीच उजळलीत? आमच्या गाडीची पार पांढरी पडलीत. सोनेरी स्प्रे मारला तर चालेल का?’’ उभ्या उभ्या मी ‘स्प्रेची घाई करू नका’ एवढंच सांगते. ते उत्तर अपुरं आहे हे मला ठाऊक असतं. म्हणून आज बसून सगळं लिहिते.

माझी गाडी 1993 सालची, गर्द हिरवी. पुढच्या जाळीवर गोल मोनोग्राम, डिकीवर नावाची आठ अक्षरं आणि दोन्ही अंगांना दारांवरून गेलेल्या बीडिंगमध्ये एक बारीक सोनेरी रेघ. त्या काळात या साजाची मोठी हौस होती. 1972 साली लोटसच्या काळ्या-सोनेरी गाडीने फॉर्म्युला वन गाजवलं, 1976 साली अमेरिकेतल्या पॉन्टिॲक कंपनीने आपल्या पन्नाशीनिमित्त ट्रान्स ॲम या काळ्या स्पोर्ट्स गाडीवर सोनेरी रेघा ओढल्या. पुढे ऐंशी-नव्वदच्या दशकांत तर अमेरिकेतले विक्रेते साध्या घरगुती सेडानच्या मोनोग्रामलाही सोन्याचा मुलामा देऊन देत. मग ती हौस ओसरली. आता पुष्कळ जण अशा अक्षरांवर काळी फिल्म चिकटवून मोकळे होतात. मला ते बघवत नाही. गर्द रंगाच्या पत्र्यावर तिरपं ऊन पडलं की सोनेरी अक्षर आतून उजळल्यासारखं दिसतं. क्रोममध्ये ती ऊब नाही.

तर सगळ्यात आधी हे लक्षात घ्या की सोनं फिकं पडत नाही. हवापाण्याने ते काळवंडत नाही, गंजत नाही. अक्षर फिकं दिसतंय याचा अर्थ सोनं झिजून गेलंय, किंवा त्याच्यावर काहीतरी साचलंय, किंवा ते मुळात सोनं नव्हतंच. तिन्हींचे इलाज वेगळे आणि एकाचा इलाज दुसऱ्याच्या मुळावर येतो. हे मी माझा मोनोग्राम गमावून शिकले.

मोनोग्रामवर दुधाळ साय धरल्यासारखी दिसत होती. धातू चकचकीत करायचं पॉलिश हाताशी होतं, ते चिंधीवर घेतलं आणि घासायला लागले. चिंधी मळायला लागली तसा मला हुरूप आला. मिनिटभराने पुसून बघते तर मधला उंचवटा चांदीसारखा पांढरा! चिंधीला लागला होता तो मळ नव्हता, सोनं होतं. ती साय म्हणजे आधीच्या धुण्यांत अक्षरांच्या खाचांत वाळून बसलेलं वॅक्स. कोमट पाण्याने आणि मऊ ब्रशने ते सुटलं असतं.

असं का होतं ते जाडीवरून कळेल. शोभेच्या मुलाम्यात सोन्याचा थर बहुधा अर्ध्या मायक्रॉनपेक्षाही कमी असतो (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). माणसाचा केस 50 ते 100 मायक्रॉन जाड. म्हणजे केसाचे शंभर पदर सोलले तर त्यातल्या एका पदराहूनही हे सोनं पातळ. माझ्या आठ अक्षरांचं क्षेत्रफळ मिळून साधारण 20 चौरस सेंटिमीटर भरतं. थर पाव मायक्रॉनचा धरला तर सगळं सोनं होतं जेमतेम 10 मिलिग्रॅम. धातूच्या पॉलिशमध्ये घासून काढणारी भुकटी असते, तिच्यापुढे 10 मिलिग्रॅमचा काय पाड लागणार? जुने लोक ‘सोन्याचं पाणी दिलंय’ म्हणतात, तो शब्द इथे तंतोतंत बसतो.

म्हणून पहिल्या दिवशी फक्त धुवा. गाडीचा शाम्पू, कोमट पाणी, मऊ केसांचा ब्रश, आणि खाचांत अडकलेलं वॅक्स काढायला कापसाचा बोळा गुंडाळलेली लाकडी काडी. मग आयसोप्रोपिल अल्कोहोल बोळ्यावर घेऊन एका लपलेल्या कोपऱ्यावर हलकेच टेकवा. बोळ्याला पिवळेपणा आला तर हात आवरा, तो रंग किंवा लॅकर, म्हणजे वाळून कडक होणारा पारदर्शक लेप आहे. विचारणाऱ्यांपैकी कित्येकांचं काम या धुण्यातच होतं. पुढचं काही करायची गरज उरत नाही, हे मी दोनदा प्रत्यक्ष पाहिलंय.

धुऊनही पांढरंच दिसलं तर भिंग घ्या आणि दिवसाच्या उजेडात अक्षरावर वाका. या पायरीवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवते, कारण पुढचं सगळं इथे ठरतं.

फक्त कडा आणि उंचवटे पांढरे, सपाट भागात पिवळं शाबूत, आणि पिवळं-पांढरं यांची सीमा स्पष्ट, असं दिसलं तर खरा मुलामा झिजलाय. खालचा पांढरा निळसर झाकेचा असेल तर क्रोम, किंचित पिवळट ऊबदार असेल तर निकेल. कुठे काळा ठिपका दिसला तर थर पार उडून प्लास्टिक उघडं पडलंय. त्या काळातली बरीचशी अक्षरं एबीएस प्लास्टिकची आहेत. त्यांवर आधी तांबं, मग निकेल आणि क्रोम चढवलेलं असतं. टिचकी मारली की बोदा आवाज येतो.

सगळीकडून सारखंच विटलेलं, त्यातही उन्हाकडची बाजू जास्त आणि आडोशाच्या खाचेत मात्र गडद पिवळं, असं असेल तर ते सोनं नव्हतं. प्लास्टिकवर निर्वात पेटीत ॲल्युमिनियमची वाफ बसवतात आणि त्यावर पिवळ्या रंगाचं पारदर्शक लॅकर देतात. उन्हाने तो रंग मरतो आणि खालचं ॲल्युमिनियम उरतं. ॲनोडाइझ केलेल्या सोनेरी पट्ट्यांचंही तसंच आहे. ॲल्युमिनियमच्या वरच्या सच्छिद्र थरात रंग मुरवलेला असतो, तो वर्षानुवर्षांच्या उन्हात विरतो.

हिरवट किंवा तपकिरी डाग म्हणजे पितळ किंवा ब्राँझची भुकटी असलेला रंग, ज्याचं वरचं कवच फुटलंय. आणि अक्षरावर फोड आलेत, फोड फुटला तिथे पांढरी भुकटी आहे, अक्षर हाताला जड लागतंय, तर ते जस्ताच्या मिश्रधातूचं ओतीव काम आहे आणि ते आतून खाल्लं जातंय. त्यावर वरून काहीही लावलं तरी फोड पुन्हा येणार. गंज खरवडून, खड्डे भरून, तांब्यापासून सगळे थर पुन्हा चढवणारा कारागीर मिळाला तरच ते अक्षर हातात घ्या.

माझ्या डिकीवरची अक्षरं पहिल्या प्रकारातली निघाली. खालून निळसर क्रोम दिसत होता. अशा वेळी लोकांना वाटतं, क्रोम तर धातूच आहे, घरच्या घरी बॅटरी लावून त्यावर सोनं चढवून टाकू. क्रोमवर हवेने एक न दिसणारं ऑक्साइडचं कवच धरलेलं असतं. त्याच्यामुळेच क्रोम चमकत राहतो आणि त्याच्यामुळेच सोनं त्यावर नीट धरत नाही, नखाने सोलून निघतं. खात्रीचं काम हवं तर क्रोम उतरवून निकेलपर्यंत जावं लागतं, निकेलवरचंही तसलंच कवच काढून ते ताजं करावं लागतं आणि लगेच सोनं द्यावं लागतं. शिवाय सोन्याच्या बऱ्याच द्रावणांत सायनाइड असतं. चुकून त्यात आम्ल मिसळलं तर जीवघेणा वायू निघतो. सायनाइड नसलेली द्रावणंही मिळतात, पण क्रोम उतरवायला बऱ्याचदा आम्लच वापरतात. ही दोन्ही कामं एका टेबलावर करायची हिंमत मी केली नाही, तुम्हीही करू नका. मुलामा देणाऱ्याकडे द्या.

मी ज्यांच्याकडे दिली त्यांनी एकेक अक्षर उजेडासमोर फिरवून बघितलं आणि तिसऱ्याच्या टोकाशी काळा ठिपका दाखवला. ‘‘इथे वीज पोचणार नाही ताई. वीज नाही तिथे सोनं नाही,’’ म्हणाले. तेवढ्या जागी त्यांनी चांदीची भुकटी असलेला वीजवाहक रंग लावला, त्यावर तांबं, मग निकेल, मग सगळ्या अक्षरांवर सोनं. परत आली तेव्हा तो ठिपका कुठे होता हे मला ठाऊक असूनही सापडेना.

मोनोग्रामचं तसं करता आलं नाही. त्याच्या मध्यभागी काळा रंग भरलेला आहे, आणि क्रोम उतरवताना तो टिकला नसता. क्रोम मात्र घट्ट होता. म्हणून तिथे मी कारखान्याचीच एक युक्ती वापरली, चमकत्या धातूवर पिवळसर पारदर्शक लॅकरचे पातळ हात. क्रोमची चमक त्यातून वर येते आणि धातूचाच सोनेरीपणा वाटतो. सोनेरी स्प्रेने ते होत नाही, कारण त्यातली भुकटी खालची चमक झाकून टाकते आणि अक्षर रंगवलेलं दिसतं. भुकटी ब्राँझची असली तर वर्षा-दोन वर्षांत तपकिरीही पडते. स्प्रेच मारायचा असेल तर अभ्रकाच्या कणांचा घ्या, तो काळवंडत नाही. क्रोमवर कुठलाही रंग थेट बसत नाही. आधी बारीक पॉलिश पेपरने चमक मारावी लागते किंवा पकड देणारा पारदर्शक प्रायमर लागतो. मला चमक हवी होती, म्हणून मी प्रायमर घेतला. शेवटचा क्लिअर कोट ऊन अडवणारा हवा. दोन घटक मिसळून मारायचा क्लिअर असेल तर त्यातल्या आयसोसायनेटपासून फुप्फुसं जपावी लागतात, साधा कापडी मास्क पुरत नाही.

छटेबद्दल आणखी एक सांगते. बहुतेक जण गरजेपेक्षा पिवळी छटा निवडतात. मी पांढऱ्या पुठ्ठ्यावर क्रोमच्या फिल्मचे तुकडे चिकटवून त्यांवर एक, दोन, तीन आणि चार हात मारले आणि पुठ्ठा मुलाम्याहून आलेल्या अक्षरांशेजारी उन्हात धरला. दोन हातांचा तुकडा जुळला. चार हातांचा मधासारखा दिसत होता.

सोन्याच्या वर्खाबद्दलही विचारतात. वर्ख साधारण एक दशांश मायक्रॉनचा असतो. साइझ म्हणजे वर्ख धरून ठेवणारी चिकट खळ लावून, ती बोटाला ओढ देण्याइतकी सुकली की वर्ख ठेवायचा आणि कापसाने दाबायचा. अमेरिकेत अग्निशमन दलांच्या गाड्यांवर अशी अक्षरं काढण्याची जुनी परंपरा आहे. पत्र्यावर रंगवलेल्या सपाट अक्षरांना आणि रेघांना हे काम फार देखणं होतं. 22-23 कॅरटचा वर्ख घ्या, नकली वर्ख पितळेचा असतो आणि काळा पडतो. पण गाडी वारंवार धुतली जाते, तेव्हा वर वॉर्निशचा हात हवाच. उंचसखल मोनोग्रामवर वर्खाला सुरकुत्या पडतात, तिथे मी तो सुचवत नाही.

बीडिंगमधली रेघ मी दुरुस्त केली नाही. ती प्लास्टिकच्या पारदर्शक थराखाली होती आणि थरच पिवळून तडकला होता. जुनी खरवडून त्याच रुंदीची नवी सोनेरी टेप ओढली. एका दुपारचं काम.

आता अक्षरं काढण्याबद्दल, कारण यातच जास्त मोडतोड होते. आधी अक्षरांच्या वरून आणि खालून मास्किंग टेप लावून जागा आखून घ्या, फोटो काढा. हेअर ड्रायरने ऊब द्या. हॉट एअर गन नको, शंभर अंशांच्या आसपास एबीएस मऊ पडतं आणि अक्षर वाकतं. मग तंगूस (मासे पकडायचा नायलॉनचा दोरा) अक्षरामागून घालून करवतीसारखा हळूहळू ओढा. जुन्या अक्षरांना मागे खिळ्यांसारख्या दांड्याही असतात. तंगूस अडला की तिथे दांडी आहे समजा आणि डिकीच्या आतून तिची क्लिप काढा. स्क्रूड्रायव्हर घालून उचकटू नका, दांडी मोडते आणि पत्र्यावर ओरखडा राहतो.

माझी आठही अक्षरं निघाली तेव्हा मी क्षणभर बघतच राहिले. अक्षरं डब्यात होती आणि तरी डिकीवर नाव वाचता येत होतं. इतकी वर्षं ऊन न लागलेला मूळ हिरवा त्या जागी तसाच होता, भोवतालच्या हिरव्याहून गडद. हलक्या पॉलिशने फरक कमी झाला, पुरता गेला नाही. म्हणजे अक्षरं बसवायची ती त्या सावलीवर नेमकी, अर्धा मिलिमीटरही इकडेतिकडे न होता. ॲक्रिलिक फोमची डबल टेप अक्षराच्या आकारात कापली, पत्रा अल्कोहोलने पुसला आणि गाडी उन्हातून आणून सुकल्यावर, पत्रा कोमट असताना अक्षरं दाबली. या टेपची पकड साधारण वीस मिनिटांत निम्मी येते आणि पुरती यायला 72 तास लागतात, तेवढे दिवस गाडी धुवायची नाही. पाचवं अक्षर किंचित खाली बसलं, वरून सावलीची एक गडद कड डोकावत होती. काढलं, टेप बदलली, पुन्हा लावलं.

त्यानंतर अक्षरांना शाम्पू आणि मऊ कापडाखेरीज काही लागलेलं नाही.

तुमची अक्षरं ‘पार पांढरी’ पडलीत म्हणालात, तेव्हा आधी धुवा. मग भिंग घेऊन अक्षराच्या खालच्या, उन्हाआडच्या खाचेत बघा, पिवळं उरलंय का. आणि पांढऱ्याची झाक निळसर आहे की पिवळट, तेवढं मला सांगा.