कासला जाऊन एकच फोटो

प्रथम वर्षाच्या मुलांना लेखनकौशल्य शिकवणाऱ्या कुणालाही विचारा, 'निसर्गाच्या कुशीत' असं वाक्यात आलं की काय होतं ते. मला तर पेन खाली ठेवून चहाच घ्यावासा वाटतो. मागे 'पाहिलेलं एक ठिकाण' या विषयावर लिहायला दिलं होतं. महाबळेश्वर, गणपतीपुळे आणि एकाचं आजोळ, तिन्हीकडे सूर्याचा तांबूस गोळा मावळत होता, पक्षी किलबिलत होते आणि मन हरखून जात होतं. नावांची अदलाबदल केली असती तरी कुणाला पत्ता लागला नसता. महाबळेश्वरवाला तर महाबळेश्वरला गेलेलाच नव्हता. तसं त्यानं हसतहसत सांगूनही टाकलं.

मग ठरवलं, यांना एका जागी नेऊन बसवायचं. सप्टेंबर, म्हणजे रानफुलांचा हंगाम चालू होता, साताऱ्याहून कासचं पठार जेमतेम पंचवीस किलोमीटरवर, त्यामुळे जागा शोधावी लागली नाही. कॉलेजची परवानगी, पालकांच्या सह्या, ऑनलाइन बुकिंग या सगळ्या कटकटीवर वेगळा लेख होईल, पण तो कुणी वाचणार नाही.

यवतेश्वरचा घाट चढताना बसमध्ये नियम सांगितले. प्रत्येकानं एकच फोटो काढायचा. काढण्याआधी निवडलेल्या जागेसमोर दहा मिनिटं गप्प बसायचं. फोटो डिलीट करायचा नाही, फिल्टर लावायचा नाही. मग त्या फोटोत जे दिसतंय तेवढंच लिहायचं, आणि त्याखाली चौकटीबाहेर राहिलेलं लिहायचं. मागच्या सीटवर भेंड्या रंगल्या होत्या. 'एकच' ऐकल्यावर मात्र गाणं थांबलं. "मॅडम, एक म्हणजे एका पोजचा ना?" असा प्रश्न आला. पोज देणारा माणूस चौकटीत नकोच, म्हटल्यावर निम्मी बस रुसली.

वर पोचलो तर आडवारी असूनही गाड्यांची रांग. या ठिकाणाबद्दल माझं मत स्पष्ट आहे: २०१२ साली पश्चिम घाट जागतिक वारशाच्या यादीत गेला, त्यात कासचं नाव आलं, आणि तेव्हापासून लोक इथे फुलं बघायला कमी आणि फुलांसोबत स्वतःला बघायला जास्त येतात. लांब घेराचे झगे घालून आलेली मंडळी पाऊलवाट अडवून उभी होती. कुणी फुलांत पाय टाकला की राखणदाराची शिट्टी वाजायची, आणि ती दर दोन मिनिटांनी वाजत होती. स्वच्छतागृहाबद्दल न बोललेलं बरं. मुलींना घेऊन जाणाऱ्या शिक्षिकांनी सकाळी लवकर पोचावं, दुपारनंतर तिकडे फिरकू नये.

आमची मुलं सुरुवातीला बिथरली. लांबून जांभळा पट्टा दिसतो, तो फोटोत घेतला की फिकट करडा येतो. कारण सोपं आहे. ही फुलं बोटाच्या पेराएवढी, काही त्याहून लहान. पाच फुटांवरून बघणाऱ्याला रंग दिसतो, फूल दिसत नाही. वाट सोडायची नाही, म्हणजे वाटेवरच पालथं पडायचं. एकानं धीर करून चिखलात लोळण घेतली, मग पाठोपाठ रांगच लागली. झगेवाल्यांनी आमचेच फोटो काढले.

पालथं पडल्यावर पुढची अडचण. मोबाइलचा फोकस समोरच्या नाजूक देठावर बसतच नाही, तो धावतो मागच्या गवताकडे. त्याला एक युक्ती आहे. फुलाच्या मागे आपला तळहात धरायचा, फोकस तळहाताशी येऊन थांबतो, मग स्क्रीनवर बोट दाबून तो पक्का करायचा आणि हात हळूच काढून घ्यायचा. हे करायला सावकाशी लागते आणि वारा पडायची वाट बघावी लागते. मला मुलांकडून तेवढंच हवं होतं. वारा पडेपर्यंत माणूस दुसरं काय करणार? बघत बसतो. गेंदाच्या पांढऱ्या बोंडावर मुंगी चढताना दिसते, कवल्याच्या पिवळ्या फुलावरचे दोन ठिपके दिसतात (याला सगळे मिकी माऊस म्हणतात आणि एकदा तसं ऐकलं की दुसरं काही दिसत नाही), दवबिंदू नावाच्या कीटकभक्षी वनस्पतीच्या पानावरच्या चिकट थेंबात अडकलेला चिलटाचा पाय दिसतो.

एक मुलगी सीतेच्या आसवांसमोर बसली होती. निळसर जांभळं, इवलंसं फूल. तिनं दहा मिनिटांत अख्खी कविता लिहून काढली: वनवास, विरह, भूमीत झिरपलेली आसवं. वाचून दाखवली तेव्हा दोघीतिघींचे डोळे भरून आले. मी तिला म्हटलं, आता हे झाड खातं काय ते ऐक. कासचा कातळ जांभ्याचा, वर माती नावापुरती, तिच्यात नत्र फारच कमी. म्हणून ही वनस्पती ओल्या मातीत बारीक फुगे पसरून ठेवते. फुग्याच्या तोंडाला झडप असते, झडपेशी केस असतात. पाण्यातला एखादा सूक्ष्म जीव केसाला लागला की झडप उघडते आणि पाण्यासकट तो आत ओढला जातो, पापणी लवायच्या आत. मग तो आतल्या आत जिरवला जातो. वर आसवं, खाली पोटपूजा.

मुलगी खट्टू झाली. "मॅडम, हे आधी सांगायचं ना." आणि वही मिटून बाजूला गेली. मला वाटलं, गेली ही आता हातची. तासाभरानं तिनं वही पुढे केली. कवितेवर काट मारलेली, खाली एकच ओळ: 'सीता रडत नव्हती, जेवत होती.' त्याच्यापुढे तिनं फुगे, झडप, केस सगळं चार वाक्यांत बसवलं होतं, आणि चौकटीबाहेर काय राहिलं या सदरात लिहिलं होतं, 'फोटोत फक्त आसवं आली. जेवण मातीखाली आहे.' वर्षभर मी या मुलांना तपशील, तपशील म्हणून ओरडतेय. तो असा अपमान होऊन आत शिरत असेल तर शिरो बापडा.

पण मला खरं लिहायचंय ते एका मुलाबद्दल.

हा माण तालुक्यातला. घरी मेंढरं. वर्गात शेवटच्या बाकावर बसतो, बोलायला लावलं की मान खाली. कासला आल्यावर सगळे फुलांमागे धावत असताना हा वाटेच्या कडेला उकिडवा बसून नुसता खडक बघत होता. मी दोनदा जवळून गेले, हलला नाही. त्याचा फोटो पाहिला तर काळपट तांबडा दगड, त्यात एक खळगा, कोपऱ्यात काही देठ, तेही धूसर. स्पर्धेला पाठवला असता तर पहिल्याच चाळणीत बाद. खाली त्यानं लिहिलं होतं:

'खडकात वाटीएवढा खळगा आहे. त्यात रात्रीचं पाणी आहे. पाण्याच्या कडेला बोटभर माती. तेवढ्या मातीत अकरा देठ मोजले. आमच्याकडं एवढ्या मातीत कोण बी टाकत नाही. चौकटीबाहेर: पाऊस. आमच्याकडचा आणि इथला.'

मी ते तिथंच उभ्याउभ्या पुन्हा वाचलं. माण आणि कास एकाच जिल्ह्यात. इकडे ढग घाटमाथ्याला धडकून रिते होतात आणि तिकडे पोचेपर्यंत त्यांच्यात काही उरत नाही. भूगोलाच्या पुस्तकात याला पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतात. या पोरानं तो धडा न सांगता शेवटच्या तीन शब्दांत आणला होता. त्याचा फोटो एकट्यानं काहीच सांगत नव्हता आणि मजकूर एकट्यानं वाचला असता तर कळला नसता. दोन्ही शेजारी ठेवल्यावर मला त्याचं गावही दिसलं, जिथे मी कधी गेलेले नाही.

तेवढ्यात आमच्याबरोबर फिरणारे गावातले मामा तिथे आले. या पोराला खडकाशी बसलेलं बघून त्यांनी विचारलं, "काय रं, फुलं आवडली न्हाईत व्हय?" यानं उलट विचारलं, "मामा, हितं जनावरं चरत न्हाईत का?" आणि पुढचा अर्धा तास दोघं जे बोलले त्यात मला कुणी विचारलंच नाही. मामांचं म्हणणं, "पूर्वी आमची गुरं हितंच असायची. गवात बेतात ऱ्हायचं. मागं कुंपाण घातलं, गुरं थांबली, गवात माजलं. फुलाला ऊन नको व्हय?" पोरगा म्हणाला, मेंढरं असती तर मुळापासून खाल्लं असतं, गुरं वरचं वर खातात. मामांनी मान डोलावली. वर्गात ज्याच्या तोंडून शब्द फुटत नाही तो चराईवर बोलत होता आणि बाकीची मुलं, फोन खिशात टाकून, ऐकत उभी होती.

मुलांना नुसतं 'निरीक्षण करा' म्हणून सांगण्यात काही अर्थ नाही, हे माझं मत तिथं पक्कं झालं. प्रत्येकजण आपापलं गाव डोळ्यात घेऊन येतो आणि त्याच मापानं नवी जागा मोजतो. पुण्याहून आलेल्या मुलीला कासची शांतता दिसली, हॉटेलवाल्याच्या मुलाला गाड्या आणि पार्किंग दिसलं (त्याचा लेखही झकास होता, शिट्ट्या मोजल्या होत्या त्यानं), आणि माणच्या पोराला माती दिसली. मी फक्त एकच फोटो म्हणून अडवणूक केली. पन्नास फोटो काढू दिले असते तर एकानेही माती मोजली नसती.

मग धुकं उतरलं आणि पाऊस आला, असा की राजमार्ग नावाच्या वाटेनं कुमुदिनी तळ्याकडे जायचा बेत रद्दच. वह्या पोटाशी धरून सगळे बसकडे पळाले. ठोसेघर, सज्जनगड वगैरे झालं, वाटेत वडापाव झाला, घरी पोचायला रात्र झाली.

पुढच्या आठवड्यात वर्गात भिंतीवर फोटो आणि मजकूर लावले. बघायला आलेल्या एका सहकाऱ्यांनी माणच्या पोराच्या फोटोसमोर थांबून विचारलं, "हा चुकून लागलाय का? यात फूल कुठाय?" पोरगा शेजारीच उभा होता. म्हणाला, "सर, अकरा हायेत. मोजा." सरांनी चष्मा वर केला, खरंच मोजले, आणि दहाच भरतात म्हणून वाद घातला.

आता मुलांनी नवीन टूम काढली आहे. पुढची सहल मे महिन्यात, परत कासलाच. फुलं नसतात, गर्दी नसते, सगळं पठार उघडं पडलेलं असतं. तेव्हा त्याच जागेवर बसून दुसरा फोटो काढायचा. कल्पना कुणाची ते सांगायला नको. कॉलेजच्या अर्जात 'सहलीचा हेतू' असा एक रकाना असतो. मी त्यात 'दगड पाहणे' असं लिहून दिलं आहे. अजून सही झालेली नाही.